अर्धस्वयंचलित रिमफायर बेंचरेस्ट रायफल

टेबलावर वाळूच्या पिशव्यांच्या आधाराने ठेवून, साधारण ५० यार्डांवरील (४५.७ मी.) लक्ष्य टिपण्यासाठी खास जुळवलेली .२२ लाँग रायफल काडतुसाची रायफल. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. रिकामे टरफल बाहेर टाकणे आणि पुढचे काडतूस चेंबरमध्ये बसवणे ही कामे रायफल स्वतः करते. बेंचरेस्टमध्ये हाताचा कंप जवळजवळ वगळलेला असतो. त्यामुळे लक्ष्यपत्रावर उमटतो तो रायफल, काडतूस आणि नेमबाजाला वाऱ्याची असलेली जाण यांचा हिशेब. वरच्या श्रेणीत बोल्ट हाताने चालवण्याच्या रायफलींचेच वर्चस्व आहे. अर्धस्वयंचलित रायफल त्यांच्या जवळ नेण्याचा उद्योग मुख्यतः अमेरिकेत आणि बहुतांशी एकाच नमुन्याभोवती वाढला. तो नमुना म्हणजे रुगर १०/२२.

पूर्वपीठिका : .२२ लाँग रायफल काडतूस १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील जे. स्टीव्हन्स कंपनीने आणले. ब्राउनिंगची .२२ अर्धस्वयंचलित रायफल १९१४ ची. रुगर १०/२२ बाजारात आली १९६४ मध्ये.

रुगर १०/२२ : ही रायफल नेमबाजीच्या सामन्यांसाठी घडवलेली नव्हती, शेतावर, रानात आणि सरावासाठी वापरायची ती स्वस्त, दणकट रायफल होती. तरीही तिच्या रचनेतील दोन गोष्टी जुळणी करणाऱ्यांच्या पथ्यावर पडल्या. पहिली, नळी आट्यांनी घट्ट बसवलेली नसून इंग्रजी व्ही आकाराच्या ठोकळ्याने आणि दोन स्क्रूंनी धरलेली असते. त्यामुळे साध्या पान्याने नळी बदलता येते. दुसरी, दहा काडतुसांचे फिरते मॅगझिन. यात प्रत्येक काडतूस स्वतंत्र खाचेत बसते, एकाची कड दुसऱ्याच्या कडेत अडकत नाही. शिवाय काडतूस बाहेर सोडणारे ओठ पोलादी असल्याने ते दरवेळी त्याच कोनात पुढे जाते. .२२ ची शिशाची गोळी मऊ, मेण लावलेली आणि टरफलाबाहेर उघडी असते. आत शिरताना तिला एक ओरखडा गेला तरी नेम बिघडतो. म्हणून या मॅगझिनचे महत्त्व मानले जाते त्याहून अधिक आहे.

बदली भागांचा व्यवसाय याच रायफलीवर उभा राहिला. आयोवातील व्होल्क्वार्टसन, टेक्ससमधील किड, तसेच लिल्जा, शायलन आणि ग्रीन माउंटन हे नळीकार ही त्यातील परिचित नावे. पुरती जुळवलेली रायफल पाहिली, तर मूळ कारखान्याचा क्वचितच एखादा भाग तिच्यात उरलेला असतो.

चेंबर : अचूकतेचा प्रश्न सर्वांत आधी इथे सुटतो किंवा अडतो. सामन्याच्या बोल्ट रायफलीत चेंबर इतका तोकडा आणि घट्ट ठेवतात की काडतूस बसताना गोळीचा पुढचा भाग नळीतील खाचांत किंचित रुततो. प्रत्येक गोळी मग एकाच जागेवरून, नळीच्या अक्षाशी सरळ रेषेत निघते. काडतूस दाबून बसवायला तेथे नेमबाजाच्या हाताचे बळ असते. अर्धस्वयंचलित रायफलीत ते काम एका स्प्रिंगवर सोपवलेले असते, आणि रुतवणारा चेंबर तिला झेपत नाही. बोल्ट पुरता मिटत नाही. न उडालेले काडतूस काढताना गोळी नळीतच अडकून दारू यंत्रणेत सांडू शकते. कारखान्यातला सैल चेंबर कोणतेही काडतूस गिळतो, मात्र गोळीला डळमळायला जागा देतो. या दोन टोकांमधली तडजोड म्हणजे ‘बेंट्झ’ नावाने ओळखला जाणारा चेंबर. अर्धस्वयंचलित रायफलींसाठीच्या सुट्या सामना-नळ्यांत तो किंवा त्याचे जवळचे प्रकार सर्रास आढळतात.

बोल्ट : चेंबर मागून मिटवणाऱ्या बोल्टची ही यंत्रणा कुलूपबंद नाही. काडतुसाचा मागचा दाब, बोल्टचे वजन आणि स्प्रिंग यांच्या तोलावर ती चालते. रिमफायर काडतुसात पेट देणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि कडेची जाडी सुमारे १ मिमी. असते. बोल्टच्या तोंडावरील खळगा तिच्यापेक्षा फार खोल असेल, तर फायरिंग पिनचा आघात बसताना काडतूस पुढे सरकते आणि पेट दरवेळी सारखा घेत नाही. कुशल कारागीर म्हणूनच हा खळगा मोजून सारखा करतात. बोल्ट मागे आपटण्याचा धक्का कमी करण्यासाठी पोलादी खिळीऐवजी प्लॅस्टिकची खिळी वापरतात.

काडतूस : हे काडतूस घरी भरता येत नाही. मोठ्या काडतुसांच्या बेंचरेस्टमध्ये निम्मी विद्या दारू तोलण्यात आणि गोळी बसवण्यात असते. येथे कारखान्याने दिलेल्यातून निवडणे एवढेच हाती उरते. ब्रिटनमधील इली आणि जर्मनीत .२२ काडतुसे बनवणारी लापुआ यांच्या उंची काडतुसांचे वेगवेगळे लॉट एकाच रायफलीतून उडवून पाहतात आणि जो जुळेल तो साठवतात. गोळीचे वजन ४० ग्रेन (२.६ ग्रॅम), वेग सेकंदाला सुमारे ३३० मी., म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या किंचित खाली. ध्वनीची सीमा ओलांडताना गोळीला बसणारे हेलकावे त्यामुळे टळतात. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला ९ मी.चा फरक पडला, तर ५० यार्डांवर उंचीत सुमारे ६ मिमी.चे अंतर पडते. अडचण अशी की या संथ काडतुसांचा धक्का कधीकधी बोल्ट पुरता मागे ढकलायला अपुरा पडतो. मग स्प्रिंग हलकी करावी लागते.

नळी आणि दस्ता : दर १६ इंचांत एक फेरा देणाऱ्या खाचा रूढ आहेत. ०.९२० इंच व्यासाची जाड नळी पसंत केली जाते. ती पुढे जड असल्याने हलक्या अॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर आणि त्या दोन स्क्रूंवर ताण येतो. मूळ रायफलीचा सांगाडा दस्त्याला एकाच स्क्रूने जोडलेला असतो. बरेच कारागीर मागे दुसरा स्क्रू बसवण्याची सोय करतात. नळी पूर्ण मोकळी ठेवावी की पुढे एका ठिकाणी टेकवावी, याबाबत एकमत नाही.

ट्यूनर : नळीच्या तोंडाशी बसवलेले, पुढेमागे सरकवता येणारे वजन. संथ गोळी बाहेर पडताना नळीचे तोंड कंपनात वर जात असेल, तर उंचीतला फरक आपोआप भरून निघतो, अशी त्यामागची कल्पना आहे. बोल्ट रायफलींत त्याचा वापर प्रस्थापित आहे. अर्धस्वयंचलित रायफलींत त्याचा लाभ किती, हे वादग्रस्त आहे.

चाप : मूळ चाप जड असतो, तो संपूर्ण संचासह बदलतात.

स्पर्धा : अमेरिकन रिमफायर असोसिएशनच्या लक्ष्यपत्रावर २५ वर्तुळे असतात, प्रत्येकी कमाल १०० गुण, एकूण २,५००. गोळी रेषेला शिवली तर कमी गुण धरतात. आय.आर. ५०/५० या पद्धतीत उलट आहे : कमाल २५० गुण आणि शिवलेल्या रेषेचे जास्त गुण. पहिली पद्धत कठोर, पण रायफलीची खरी पारख तीच करते. जागतिक पातळीवर रिमफायर आणि हवाई रायफलींच्या बेंचरेस्टसाठी स्वतंत्र महासंघ आहे. बेंचरेस्ट ऑलिंपिकमध्ये नाही.

भारत : ऑलिंपिक पद्धतीच्या ५० मी. रायफल प्रकारात एकेक काडतूस हाताने भरण्याची रायफलच चालते. अर्धस्वयंचलित रायफलीला तेथे स्थान नाही. काडतूस मात्र तेच आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांचे २०१० मधील म्युनिक येथील जागतिक विजेतेपद आणि कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदक ही दोन्ही यशे .२२ लाँग रायफल काडतुसाची आहेत.