ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी करसवलत

जुनी वास्तू पाडण्याऐवजी सावरणाऱ्याला, किंवा त्या कामासाठी देणगी देणाऱ्याला, करात मिळणारी सूट. भारतात ती मुख्यतः देणगीदारासाठी आहे. पदरचे पैसे घालून जुने घर टिकवणाऱ्या मालकासाठी वेगळी तरतूद नाही, आणि ही या धोरणातली मोठी उणीव आहे. कल्याणच्या पुढच्या अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या तीन शहरांत ती स्पष्ट दिसते.

अंबरनाथला वालधुनीच्या काठी भूमिज शैलीतले शिवमंदिर आहे. त्यातल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हा काळ असून शिलाहार राजा माम्वाणीचे नाव आहे. हे देऊळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली येते. १९९६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्कृती निधीमार्फत अशा स्मारकाच्या कामाला पैसे देता येतात. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०जीने या देणगीवर पूर्ण वजावट दिली. केंद्राने ऐतिहासिक महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेल्या प्रार्थनास्थळांच्या जीर्णोद्धाराला दिलेल्या देणगीवर, मर्यादेत राहून, ५० टक्के. नवी करप्रणाली घेणाऱ्या नोकरदाराला मात्र यातले काहीच मिळत नाही.

उल्हासनगरची गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी संसार मांडले आणि १९४९ मध्ये या वसाहतीला आजचे नाव मिळाले. इतका मोठा इतिहास पाहिलेली बराक, किंवा बदलापूर गावातले कौलारू घर, मालकाने जपायचे म्हटले तर?

घर भाड्याने दिले असेल, तर भाड्याच्या उत्पन्नातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. वासे बदला की गळके छप्पर तसेच ठेवा, आकडा तोच. स्वतः राहत असेल, तर जुन्या प्रणालीत दुरुस्तीच्या कर्जावरील व्याजाची वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट. तीही शंभर वर्षांच्या घराला आणि कालच्या फ्लॅटला सारखीच. अमेरिकेत प्रमाणित ऐतिहासिक इमारत व्यवसायासाठी वा भाड्याने वापरात असेल, तर पात्र दुरुस्तीखर्चाच्या २० टक्के रक्कम थेट देय करातून वजा होते. जतनाचा खर्च पेलायला मालकाला अशीच मदत हवी.

महाराष्ट्राने कराऐवजी चटईक्षेत्राचा मार्ग धरला. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीपासून आणि तीन शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार, निर्बंधांमुळे न वापरता येणाऱ्या चटईक्षेत्राच्या बदल्यात मालकाला टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, मिळू शकतो. तो विकून दुरुस्तीचा खर्च उभा करता येतो, पण वास्तूचे नाव वारसा यादीत असेल तरच.