रिकाम्या परतीचे भाडे

मालवाहतुकीच्या एका कचेरीत मी अठरा वर्षे बुकिंगचे काम केले. तिथे पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट शिकलो. भाडे नुसत्या अंतरावर ठरत नाही, ते परतीच्या मालावर ठरते. ज्या गावाहून परतताना गाडीला माल मिळतो तिथले भाडे कमी. जिथून गाडी रिकामी येते तिथले जास्त. कारण जाणाऱ्या मालाच्या धन्याला येणाऱ्या रिकाम्या गाडीच्या डिझेलचेही पैसे मोजावे लागतात. ट्रकवाले अशा फेरीला ‘खाली फेरी’ म्हणतात.

पुढे पूर्व आफ्रिकेच्या रेल्वेविषयी मिळेल ते वाचू लागलो. तेव्हा ध्यानात आले, की मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतच्या सुमारे साडेनऊशे किलोमीटर वाटेचा इतिहास हा बराचसा या खाली फेरीचाच इतिहास आहे. त्यात नरभक्षक सिंह येतात, साम्राज्याचे राजकारण येते, अलीकडे चिनी कर्जही येते. पण मूळ प्रश्न एकच राहतो. वर गेलेली गाडी खाली येताना काय घेऊन येणार? आणि काहीच मिळाले नाही, तर तिचे भाडे कोण देणार?

रेल्वेपूर्वी या वाटेवर माल माणसांच्या डोक्यावरून जाई. बैल, घोडे, गाढवे चालत नसत, कारण वाटेतल्या पट्ट्यात त्सेत्से माशी होती आणि तिच्या चाव्याने जनावरे मरत. एका हमालाचे ओझे साधारण तीस किलोचे. म्हणजे एक टन माल न्यायला तेहेतीस माणसे हवीत. किनाऱ्यापासून सरोवरापर्यंत जायला सुमारे तीन महिने लागत. हमालाला रोजचा शिधा, ज्याला तिकडे ‘पोशो’ म्हणतात, सातशे ग्रॅम पिठाचा धरला तरी नव्वद दिवसांत एक माणूस त्रेसष्ट किलो पीठ खातो. हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा क्षणभर थबकलो. हमाल जेवढे उचलतो त्याच्या दुप्पट खातो. ते पीठ बरोबर नेणे शक्यच नसल्याने ते वाटेतल्या गावांतून कापड, मणी आणि तांब्यापितळेची तार देऊन विकत घ्यावे लागे. ती तार आणि ते कापड वाहायला पुन्हा हमाल लागत. ज्या वर्षी दुष्काळ, त्या वर्षी वाट बंद.

इतका खर्च सोसून परवडेल असा माल एकच होता, हस्तिदंत. वजनाच्या मानाने त्याची किंमत एवढी, की तीन महिन्यांची पायपीट वसूल होई. झांझिबारमार्गे त्यातला मोठा वाटा मुंबईला येई. काही इथे बांगड्यांसाठी खपे आणि बराचसा पुढे लंडनला रवाना होई. दक्षिणेकडच्या वाटांवर याच तांड्यांतून गुलामही किनाऱ्याकडे नेले जात. त्यांना वाहून न्यावे लागत नसे. उलट त्यांच्याच डोक्यावर ओझी दिली जात. परतीच्या भाड्याचे उत्तर त्या काळी हत्ती आणि माणूस यांच्या जिवावर काढलेले होते.

१८९६ मध्ये इंग्रजांनी मोंबासाहून रेल्वे घालायला सुरुवात केली. गुलामांचा व्यापार मोडणे, नाईलच्या उगमावर ताबा ठेवणे, जर्मनांच्या आधी युगांडात पोचणे अशी कारणे पार्लमेंटात दिली गेली. माल काय वाहणार याचे उत्तर मात्र कोणापाशी नव्हते. हेन्री लाबुशेरसारख्या विरोधकांनी या योजनेची टर उडवली ती याच मुद्द्यावर. तरी काम सुरू झाले. रूळ मीटरगेजचे ठरले. त्या मापाची इंजिने आणि डबे हिंदुस्थानातून आणता येत. सुमारे बत्तीस हजार मजूर हिंदुस्थानातून नेले, बहुतेक पंजाबातले, कराचीहून बोटीने. त्यांचा तांदूळ, डाळ, तूपही समुद्रापार न्यावे लागे. त्यांच्यापैकी सुमारे अडीच हजार मेले. १८९८ मध्ये त्सावो नदीच्या पुलाजवळ दोन सिंहांनी माजवलेला हाहाकार जगभर गाजला. पण हिवताप, आमांश आणि पायांत शिरणाऱ्या पिसवांच्या जखमा यांनी सिंहांपेक्षा कितीतरी जास्त माणसे खाटेला खिळवली. त्यांची कथा कोणी लिहिली नाही.

१८९९ मध्ये रूळ नैरोबीला आणि १९०१ च्या डिसेंबरात सरोवराकाठी, आजच्या किसुमूला पोचले. खर्च झाला सुमारे पंचावन्न लाख पौंड. गंमत अशी, की १९०२ मध्ये युगांडाचा पूर्वेकडचा प्रांत शेजारच्या पूर्व आफ्रिका संरक्षित प्रदेशाला जोडला गेला आणि ‘युगांडा रेल्वे’ला युगांडात शिरण्यासाठी पुढे बरीच वर्षे थांबावे लागले. कंपालाला रूळ पोचले ते १९३१ मध्ये.

या वाटेची आणखी एक अडचण नकाशावर दिसत नाही, ती उंचीची आहे. मोंबासा समुद्रसपाटीवर. नैरोबी सोळाशे मीटरांहून उंच. पुढे माऊच्या कड्यावर गाडी अडीच हजार मीटर ओलांडते आणि मग सरोवराकडे उतरते. खाणीच्या रेल्वेत साधारणपणे भरलेली गाडी उतरणीला आणि रिकामी चढणीला असते. तिथे निसर्गच मदत करतो. इथे उलटे. भरलेली गाडी घाट चढणार आणि रिकामी उतरणार. ‘खाली’ या शब्दाचे दोन्ही अर्थ या मार्गावर एकत्र आले.

रेल्वे उभी राहिली आणि प्रश्न टोकदार झाला. वर जायला सरकारी सामान, कापड, मीठ, लोखंड होते. खाली यायला जवळपास काही नव्हते. कमिशनर चार्ल्स इलियट यांनी यावर काढलेला उपाय त्या देशाच्या पुढच्या साठ वर्षांची दिशा ठरवून गेला. रूळांच्या दोन्ही बाजूंच्या थंड पठारावर गोरे शेतकरी वसवायचे, त्यांनी निर्यातीचे पीक काढायचे, आणि त्या पिकाने परतीचे डबे भरायचे. जमीन मोकळी नव्हती, ती मोकळी केली गेली. १९०४ च्या कराराने मासाई गुराख्यांना दरीतली कुरणे सोडून रेल्वेपासून दूर, लायकिपियाच्या पठारावर जावे लागले. काही वर्षांतच गोऱ्यांना तेही पठार हवेसे वाटले आणि मासाईंना पुन्हा हलवले. नंदी जमातीने अनेक वर्षे झुंज दिली. रूळांचे बोल्ट आणि तारायंत्राची तार काढून ते दागिने आणि हत्यारे करत. १९०५ मध्ये बोलणी करायला म्हणून आलेला त्यांचा पुढारी कोइतालेल अराप सामोई मारला गेला. किकुयूंच्या जमिनीही गेल्या. त्या सलातून पुढे १९५० च्या दशकातला माऊ माऊ उठाव निघाला. केनियाच्या जमिनीचा प्रश्न आपण वंशवादाच्या अंगाने वाचतो, ते बरोबरच आहे. पण त्याच्या मुळाशी रिकाम्या डब्यांचा एक जमाखर्चही होता.

युगांडात दुसरी तऱ्हा झाली. तिथे गोरे वसाहतकार फारसे आले नाहीत. १९०० च्या कराराने दर झोपडीमागे तीन रुपये कर बसला होता, हिंदुस्थानी रुपये, कारण तिकडे चलन आपलेच होते. कर भरायला रोकड हवी, रोकडीला पीक हवे. १९०३ च्या सुमारास कापसाचे बी आले आणि छोट्या शेतकऱ्यांनी ते पेरले. तो कापूस खेडोपाडी गोळा करून रेल्वेपर्यंत आणणारी साखळी प्रामुख्याने हिंदी दुकानदारांची होती. त्यांतले मोठे नाव कच्छहून गेलेल्या अल्लीदीना विश्राम यांचे. रेल्वेच्या कडेने आणि पुढे युगांडात त्यांची दुकाने पसरली. जाताना कापड आणि मीठ, येताना कातडी, तीळ, मेण, कापूस. सरकारला जे सुचायला वेळ लागला ते या माणसाच्या धंद्यातच होते: दोन्ही बाजूंचा माल एकाच हातात. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युगांडाच्या लांब धाग्याच्या कापसाचे मुंबईच्या गिरण्या मोठे गिऱ्हाईक होत्या.

रेल्वेनेही दरपत्रक तसेच आखले. वर जाणाऱ्या आयात मालाला चढे दर, खाली येणाऱ्या शेतमालाला अगदी कमी. गोऱ्या शेतकऱ्याचा मका जवळपास पडत्या भावात बंदरावर पोचे. ती तूट भरून निघे आफ्रिकी खेडुताच्या कापडावर, मिठावर आणि कंदिलाच्या तेलावर. दरपत्रकात कोणाचे नाव नसते, पण कोणाच्या खिशातून काय जाते ते त्यात स्पष्ट लिहिलेले असते.

स्वातंत्र्यानंतर माल रुळांवरून हळूहळू रस्त्यावर गेला. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांची सामाईक रेल्वे १९७७ मध्ये पूर्व आफ्रिकी संघाबरोबर मोडली. डागडुजी थांबली, ट्रक वाढले. मग कंटेनर आले आणि जुना प्रश्न लोखंडी पेटीत बंद होऊन नव्याने उभा राहिला. पेटी जहाज कंपनीची. ती कंपालाला रिकामी झाली, की मुदतीत मोंबासाला परत पोचवायची, नाहीतर दंड. मोंबासाला उतरणारा माल तिथून चढणाऱ्या मालाच्या अनेक पट आहे. चहा, कॉफी आणि थोडे इतर सोडले तर पेट्या भरायला फारसे काही नाही. नैवाशाची फुले निर्यात होतात, पण ती बहुतांशी नैरोबीहून विमानाने जातात. वजनाला हलका आणि किमतीला भारी असा मालच भाडे सोसतो, हा हस्तिदंताचा जुना नियम इथे पुन्हा दिसतो.

३१ मे २०१७ रोजी मोंबासा ते नैरोबी नवी स्टँडर्ड गेज रेल्वे सुरू झाली. चिनी कंपनीने ती बांधली आणि चीनच्या एक्झिम बँकेने तीन अब्ज डॉलरांहून अधिक कर्ज दिले. कर्ज फेडायचे तर माल हवा, म्हणून बंदराने ठरावीक माल देण्याची हमी घेतली. पुरेसा माल आपणहून येईना, तेव्हा आयातीचे कंटेनर रेल्वेनेच नैरोबीला न्यायची सक्ती झाली. मोंबासाचे ट्रकवाले, गोदामवाले, हमाल रस्त्यावर उतरले. २०२० मध्ये उच्च न्यायालयाने ती सक्ती रद्द ठरवली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नवे अध्यक्ष विल्यम रुटो यांनी शपथविधीच्या दिवशीच मालाची सोडवणूक मोंबासाला परत आणत असल्याचे जाहीर केले. दरम्यान रूळ २०१९ मध्ये नैवाशाच्या परिसरापर्यंत गेले आणि पुढच्या टप्प्याला कर्ज न मिळाल्याने तिथेच थांबले. युगांडाचा माल तिथे जुन्या मीटरगेजवर किंवा ट्रकवर चढवावा लागतो. रेल्वेच्या खर्चासाठी २०१३ मध्ये आयात मालावर दीड टक्का कर बसला. म्हणजे १९२० च्या दशकातल्या दरपत्रकाचेच हे नवे रूप: खाली फेरीचे पैसे वर जाणाऱ्या मालाने भरायचे.

सीमेवरची कामे सुधारली हे मान्य करायला हवे. कागदपत्रे एकत्र झाली, मालाबाच्या नाक्यावर दोन्ही देशांची तपासणी एका जागी आली आणि मोंबासा ते कंपाला हा प्रवास अठरा-वीस दिवसांवरून चार-पाच दिवसांवर आला. तरी वाट एकच असल्याची भीती गेलेली नाही. २००८ च्या जानेवारीत निवडणुकीनंतरच्या दंगलीत नैरोबीच्या किबेरा वस्तीत रूळ उखडले गेले, महामार्ग अडले आणि काही दिवसांत युगांडा, रवांडात पेट्रोल मिळेनासे झाले. २०२० मध्ये करोनाच्या तपासणीसाठी मालाबाला ट्रकांच्या रांगा कित्येक किलोमीटर लांबल्या.

या सगळ्यात सर्वांत महाग पडते ते खत. ते बंदरावरून येते आणि त्याच्या प्रत्येक पोत्यावर रिकाम्या परतीचे भाडे चढलेले असते. युगांडाचा किंवा पश्चिम केनियाचा लहान शेतकरी ते पुरेसे घेऊ शकत नाही. खत कमी म्हणून पीक कमी, पीक कमी म्हणून परतीचा डबा रिकामा, डबा रिकामा म्हणून खत महाग. हे चाक नवे रूळ घालून थांबत नाही. ते थांबवायचे तर वरच्या मुलखात आधी काही पिकायला, बनायला, बांधून तयार व्हायला हवे. त्यासाठी लागणारा पैसा दर वेळी रुळांतच गेला.

आमच्या कचेरीत रिकाम्या परतीची नोंद लाल शाईने व्हायची. ती रक्कम शेवटी कोणाच्या नावावर पडते, हे विचारायला मी तेव्हा शिकलो नव्हतो. मोंबासाच्या वाटेवर ती आधी हमालाच्या, मग मासाई गुराख्याच्या, मग कापड विकत घेणाऱ्या खेडुताच्या नावावर पडली. आज ती खताच्या पोत्यावर आहे.