इंग्रजीचा वर्ग कोणासाठी होता?

मुसलमान समाज शिक्षणात मागे का राहिला, या प्रश्नाचे एक तयार उत्तर आपल्याकडे वर्षानुवर्षे दिले जाते. मौलवींनी इंग्रजी हराम ठरवली, समाजाने पोरांना मदरशात बसवले आणि तोवर बाकीचे पुढे निघून गेले. हे उत्तर इतक्या वेळा कानावर पडते की खुद्द मुसलमानही ते बिनदिक्कत मान्य करतात. त्यात काही तथ्य नाही असे नाही. पण हे उत्तर देणारे एक साधी गोष्ट तपासत नाहीत. हायस्कुलातल्या इंग्रजीच्या वर्गाचे नियम काय होते? तिथे बसण्याआधी मुलाला कोणती भाषा यावी लागे? त्याच्याकडून अपेक्षा काय होती आणि ती कोणी ठरवली होती? वर्गाच्या आत काय शिकवले जाते यापेक्षा दारात काय विचारले जाते, यावर बरेच काही ठरत असते.

विरोध नेमका कशाला?

७ मार्च १८३५ रोजी गव्हर्नर जनरल बेंटिंकने सरकारी शिक्षणाचा पैसा इंग्रजीकडे वळवणारा ठराव केला. मेकॉलेचे टिपण त्याच्या आधीचे. या काळात कलकत्त्याचा मदरसा बंद होणार अशी चर्चा होती, तेव्हा तिथल्या सुमारे ८,००० मुसलमानांनी सह्यांचा अर्ज सरकारला दिला. हा अर्ज इंग्रजीविरोधाचा पुरावा म्हणून दाखवला जातो. प्रत्यक्षात त्यातली तक्रार आपली विद्या मोडीत काढण्याबद्दल होती आणि त्यामागे धर्मांतराचा डाव असल्याचा संशय होता. इंग्रजी भाषा शिकण्याबद्दल दिल्लीच्या शाह अब्दुल अजीज यांना विचारले गेले होते, तेव्हा त्यांनी ती शिकणे जायज ठरवले होते. त्यांचे निधन १८२४ चे, म्हणजे मेकॉलेच्या टिपणाच्या अकरा वर्षे आधीचे.

विरोध अजिबात नव्हता असेही म्हणता येत नाही. दिल्ली कॉलेजात १८२८ साली इंग्रजीचा वर्ग सुरू झाला. पण तिथेच शिकलेल्या डेप्युटी नजीर अहमद यांना वडिलांच्या विरोधामुळे त्या वर्गात जाता आले नाही. पुढे ते स्वतःच्या हिमतीवर इंग्रजी शिकले आणि भारतीय दंडसंहितेच्या उर्दू अनुवादात त्यांनी मोठा वाटा उचलला. त्याच कॉलेजाच्या प्राच्यविद्या शाखेत मात्र आधुनिक गणित आणि विज्ञान उर्दूतून शिकवले जात होते. म्हणजे नवे ज्ञान नको होते असे नाही. ते कोणत्या भाषेतून यावे, हा प्रश्न होता.

मुंबईतला वाद

आपल्या मुंबईत हा प्रश्न १८४० च्या दशकात उघडपणे लढवला गेला. १८४० साली स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे इलाख्यातल्या सरकारी शाळांचा कारभार होता. १८४३ पासून त्याचे अध्यक्ष होते सर अर्स्किन पेरी. ते न्यायाधीश होते आणि त्यांचे मत स्पष्ट होते. सरकारकडे पैसा थोडा आहे, तो वरच्या थरातल्या मोजक्या मुलांना उत्तम इंग्रजी शिक्षण देण्यासाठी वापरावा. त्यांच्या विरोधात उभे राहिले कर्नल जॉर्ज जर्व्हिस, मराठी पाठ्यपुस्तकांसाठी झटलेला लष्करी इंजिनिअर. आणि त्यांच्या बाजूने बोर्डाचे तीन हिंदी सभासद होते: जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि मुहम्मद इब्राहिम मकबा.

पहिली दोन नावे मुंबईकरांना ठाऊक आहेत. तिसरे नाव विसरले गेले. मकबा हे मुंबईचे कोकणी मुसलमान. इंग्रज अधिकाऱ्यांना हिंदुस्थानी शिकवणारे मुन्शी, 'तोहफा-ए-एल्फिन्स्टन' या व्याकरणाचे कर्ते. त्यांचे पोट इंग्रजांना भाषा शिकवण्यावर चालत होते, तरी १८४७ मध्ये त्यांनी देशी भाषांच्या बाजूने मत दिले. या तिघांचा इंग्रजीला विरोध नव्हता. इंग्रजी भाषा म्हणून शिकवा, पण बहुसंख्य लोकांपर्यंत ज्ञान पोचवायचे असेल तर ते त्यांच्या बोलीतूनच पोचेल, असे त्यांचे म्हणणे होते. एक हिंदू, एक पारशी आणि एक मुसलमान एका भूमिकेवर एकत्र आले, ही गोष्ट आजच्या भाषावादात आठवण्यासारखी आहे.

वादाचा निकाल धड कोणत्याच बाजूने लागला नाही. देशी शाळा राहिल्या, पण प्रतिष्ठा इंग्रजीकडे गेली. त्याला कारणही होते. १८३७ मध्ये कचेऱ्यांतून फारसी हटवण्याचा कायदा झाला होता आणि १८४४ मध्ये लॉर्ड हार्डिंजने सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य जाहीर केले होते. आता पगार इंग्रजीत होता.

पेरींच्या धोरणाची किंमत कोणी मोजली, हे पुढे डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिले. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी याच बोर्डाच्या १८५०-५१ च्या अहवालाचा आधार घेतला आणि वरच्या थरासाठी शिक्षण याचा अर्थ अस्पृश्यांना दार बंद, असा होता हे सरकारचेच कागद समोर ठेवून सिद्ध केले.

गफ्फार बेग यांची रदबदली

ज्या वर्षी हा वाद चालू होता, त्याच १८४७ मध्ये पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेतून एक विद्यार्थी इंग्रजी शिक्षण पूर्ण करून बाहेर पडला. त्याचे नाव जोतीराव फुले. मधल्या काळात जोतीरावांची शाळा सुटली होती, वडिलांनी त्यांना शेतीच्या कामाला लावले होते. त्यांना पुन्हा शाळेत घाला म्हणून गोविंदरावांची समजूत घालणारे दोघेजण चरित्रकारांनी नोंदवले आहेत: उर्दू-फारसीचे शिक्षक गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब. मुसलमान इंग्रजीचा शत्रू होता असे सरसकट म्हणणाऱ्यांनी या मुन्शींचे काय करायचे ते ठरवावे. महाराष्ट्राच्या सामाजिक क्रांतीच्या वाटेवर इंग्रजीच्या वर्गाचे दार उघडणाऱ्यांत एक मुसलमान होता.

मराठी चौथी, मग इंग्रजी पहिली

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ झाले, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. हायस्कूलचे सारे लक्ष आता मॅट्रिकवर गेले आणि हळूहळू तिथले विषय इंग्रजीतूनच शिकवले जाऊ लागले. जुन्या पिढीला या शाळांची शिडी आठवत असेल: आधी मराठी चौथी, मग 'इंग्रजी पहिली', आणि सातव्या इयत्तेला मॅट्रिक.

आता या शिडीवर दख्खनी किंवा उर्दू बोलणारे मूल ठेवून पाहा. त्याने घरी कुराण आणि उर्दूची ओळख करून घ्यायची, मग सरकारी शाळेत मराठी किंवा गुजरातीतून चौथी पास व्हायची, आणि नंतर इंग्रजीच्या वर्गात पहिल्यापासून सुरुवात करायची. यात वर्षे जात आणि फीही जात होती. गरीब कारागिराच्या घरात ही चैन परवडत नसे. कोकणी मुसलमानाची बोली मराठीच्या जवळची, त्याला भाषेची अडचण कमी, पण फीची अडचण सगळ्यांना सारखीच होती.

बद्रुद्दीन तय्यबजी यांनी ही गाठ ओळखली. १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन आलेल्या तय्यबजींनी थोरले बंधू कमरुद्दीन आणि नाखुदा मुहम्मद अली रोघे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. १८८० मध्ये शाळा सुरू झाली. अलीगढला सर सय्यद यांची शाळा १८७५ मध्येच उघडली होती. अंजुमनचा विचार सरळ होता: मुलाला त्याच्या भाषेतून वर आणा आणि तिथून इंग्रजीच्या वर्गात पोचवा. १८८२ च्या हंटर कमिशनने मुसलमानांसाठी केलेल्या शिफारशींचा रोखही हाच होता. प्राथमिक व माध्यमिक टप्प्यावर हिंदुस्थानी माध्यम, वर इंग्रजी शिक्षणाला उत्तेजन, शिष्यवृत्त्या आणि फीमाफीच्या जागा. याच कमिशनपुढे महात्मा फुल्यांनी, सरकार खालच्या शिक्षणाला उपाशी ठेवून वरच्या शिक्षणावर खर्च करते, असे ठणकावून सांगितले होते.

या मार्गाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तय्यबजी घराण्याची मूळ भाषा गुजराती, त्यांनी उर्दू जाणीवपूर्वक स्वीकारली. उर्दू शाळेने मुसलमान मुलाला शाळेत आणले हे खरे, पण मराठीशी त्याचा संबंध तुटला, तर गावच्या कारभारात तो परका ठरतो, हेही तितकेच खरे.

दार बंद करणारा हुकूम

स्वातंत्र्यानंतर वारे फिरले. मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू होऊ लागली. ६ जानेवारी १९५४ रोजी सरकारने हुकूम काढला: अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाचे नागरिक सोडून इतर कोणाही मुलाला इंग्रजी माध्यमाच्या वर्गात प्रवेश देऊ नये. हेतू देशी भाषांच्या रक्षणाचा सांगितला गेला. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या निमित्ताने प्रकरण न्यायालयात गेले आणि मे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हुकूम रद्द ठरवला. घटनेच्या कलम २९(२) प्रमाणे सरकारी किंवा अनुदानित शाळेत केवळ भाषेच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. हे कलम अल्पसंख्याकांपुरते नाही, प्रत्येक नागरिकासाठी आहे.

इथे मकबा आणि शंकरशेट यांची भूमिका पुन्हा वाचावी. देशी भाषेतून शिकवा, हे ते म्हणत होते. इंग्रजीचे दार बंद करा, असे ते म्हणत नव्हते. पहिल्याने मूल वर येते, दुसऱ्याने फक्त ऐपतदाराचे मूल वर राहते.

आज

२००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. सेमी-इंग्रजीचे वर्गही आहेत. कागदावर दार सताड उघडे आहे. तरी उर्दू किंवा मराठी शाळेतून आलेले मूल कॉलेजच्या पहिल्या वर्षी गप्प बसते. कारण नियम बदलले, अपेक्षा बदलली नाही. इंग्रजीचा तास म्हणजे धड्याखालचे प्रश्न पाठ करून पास होणे, एवढीच अपेक्षा अनेक शाळा आपल्या मुलांकडून ठेवतात. मूल इंग्रजीत आपले मत मांडेल, अर्ज लिहील, कायदा वाचेल, ही अपेक्षा वेगळी आहे. त्यासाठी मुलाची भाषा समजणारा शिक्षक हवा आणि चुकीचे बोलले तरी हसू न करणारा वर्ग हवा.

अल्पसंख्याक संस्थांच्या विश्वस्तांनी या जुन्या इतिहासाकडे म्हणूनच पाहावे. इमारत, गणवेश आणि पाटीवरचे 'इंग्लिश मीडियम' हे शब्द मिळवणे सोपे आहे. आपल्या घरची भाषा, राज्याची भाषा आणि इंग्रजी या तिन्हींत मूल निर्धास्त वावरेल असा वर्ग उभा करणे अवघड. मकबांचे मत आणि गफ्फार बेगांची रदबदली या दोन्ही गोष्टी आपल्याच वारशातल्या आहेत. त्यातली एक निवडून दुसरी सोडण्याची वेळ आपल्यावर येऊ नये.