नवं ग्राफिक्स कार्ड बसवूनही गेम अडखळतोय? दोष नेमका कुठे आहे ते असं शोधता येतं

जुनं ग्राफिक्स कार्ड काढून नवं बसवलं, कम्प्युटर नीट सुरू झाला, आवडता गेम उघडला आणि एफपीएस जवळपास पूर्वीइतकाच! कधी कधी तर आधीपेक्षाही कमी. पंचवीस-तीस हजार रुपये खर्च करून हे पाहायला मिळालं की पहिला संशय कार्डावरच जातो. पण अनेकदा कार्ड ठणठणीत असतं आणि अडचण केबल, ड्रायव्हर, रॅम किंवा प्रोसेसरमध्ये असते. ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करायची मुदत थोडीच असते. त्यामुळे ती संपण्याआधी खरा दोष शोधणं महत्त्वाचं ठरतं.

एक फ्रेम तयार होते कशी?

गेममधली प्रत्येक फ्रेम दोन टप्प्यांत तयार होते. कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, काय दाखवायचं, हे प्रोसेसर ठरवतो. त्यानंतर ग्राफिक्स कार्ड ते चित्र रंगवतं. ६० एफपीएस हवे असतील तर हे सगळं दर १६.७ मिलिसेकंदांत व्हावं लागतं.

स्वयंपाकघरात एक जण पोळ्या लाटतोय आणि दुसरा भाजतोय असं समजू. लाटणाऱ्याचा हात हळू असेल तर मोठा तवा आणूनही पोळ्या लवकर होत नाहीत. नवं कार्ड म्हणजे मोठा तवा.

पहिली चाचणी: अडतंय कोण?

एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या मोफत सॉफ्टवेअरने गेम चालू असतानाच कार्डाचा वापर, तापमान आणि एफपीएस पडद्यावर दिसतात. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने काम करत आहे. वापर ५०-६० टक्क्यांवर अडकला असेल आणि एफपीएस कमी असेल तर अडथळा दुसरीकडे आहे.

याची खात्री करायला रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करून पाहावं. एफपीएस चांगला वाढला तर मर्यादा कार्डाची असते. आकडा हललाच नाही तर मर्यादा प्रोसेसर, रॅम किंवा एखाद्या सेटिंगची असते.

इथे बरेच जण फसतात. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ४० टक्के दिसला म्हणजे प्रोसेसर मोकळा आहे असं नाही. तो आकडा सगळ्या कोअर्सची सरासरी असतो. गेमचं मुख्य काम एकाच कोअरवर अडलेलं असू शकतं आणि सरासरीत ते दिसत नाही.

बिनखर्चाच्या तपासण्या

• मॉनिटरची केबल: घाईत ती मदरबोर्डला लावली जाते. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर पडद्यावर चित्रही येतं, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. केबल कार्डाच्याच पोर्टमध्ये हवी.

• एफपीएसवर मर्यादा: एफपीएस बरोबर ६० वरच थांबत असेल तर व्ही-सिंक किंवा गेममधली फ्रेम लिमिट सुरू असू शकते. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असला तरी विंडोजमध्ये तो ६० वर राहिलेला असू शकतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये तो बदलता येतो.

• जुने ड्रायव्हर: एका कंपनीचं कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचं बसवलं असेल तर जुन्या ड्रायव्हरचे अवशेष त्रास देऊ शकतात. नवा ड्रायव्हर आधी उतरवून घ्यावा, मग सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे साधन वापरून जुना काढावा आणि नवा बसवावा.

• पहिल्या काही मिनिटांचे झटके: नवं कार्ड किंवा नवा ड्रायव्हर आला की अनेक गेम शेडर पुन्हा तयार करतात. त्यामुळे सुरुवातीला गेम अडखळतो. पहिल्या फेरीवरून निष्कर्ष काढू नये.

• रॅमचा वेग: ३२०० ची डीडीआर४ रॅम बायोसमध्ये एक्सएमपी सुरू केल्याशिवाय अनेकदा २१३३ किंवा २४०० वरच चालते. दोन स्टिक असतील तर त्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जोडीच्या स्लॉटमध्ये हव्यात. एकच स्टिक असेल तर रॅमकडून डेटा येण्याचा वेग निम्मा होतो.

कॅबिनेट उघडल्यावर काय पाहायचं?

कम्प्युटर बंद करून, प्लग काढूनच कॅबिनेट उघडावं. कार्ड प्रोसेसरच्या सर्वात जवळच्या लांब स्लॉटमध्ये हवं. खालचा स्लॉट दिसायला तेवढाच लांब असला तरी त्याला अनेकदा चारच लेन जोडलेल्या असतात. जीपीयू-झेड या मोफत साधनात किती लेन सुरू आहेत ते दिसतं. कार्ड रिकामं असताना हा दुवा वीज वाचवायला आपला वेग कमी करतो, म्हणून आकडा कार्डावर भार असतानाच पाहावा.

लेनचा फरक किती पडतो, याचं चांगलं उदाहरण म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये आलेलं एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी. या कार्डाला मुळातच चार लेन आणि ४ जीबी मेमरी आहे. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या बोर्डवर त्याला सेकंदाला सुमारे ८ जीबी डेटा मिळतो, तर ३.० च्या जुन्या बोर्डवर जेमतेम ४ जीबी. मेमरी भरली की जुन्या बोर्डवर हे कार्ड स्पष्टपणे मागे पडतं.

वीजपुरवठाही तपासावा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या केबलमधून ७५ आणि ८ पिनच्या केबलमधून १५०. कार्डावर ८ पिनची दोन सॉकेट असतील तर एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र केबल आणणं चांगलं. खेळताना कम्प्युटर अचानक बंद पडत असेल तर एसएमपीएस कमी पडतोय का, हे आधी पाहावं. पंख्यांना हवा मिळते का आणि कार्डावरचं प्लास्टिकचं आवरण काढलंय का, हेही पाहावं. कार्ड तापलं की ते स्वतःच वेग कमी करतं.

जुना कम्प्युटर, नवं कार्ड: इंटेल आर्कची गोष्ट

डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलचं १२ जीबी मेमरीचं आर्क बी५८० आलं. कमी किमतीत जास्त मेमरी असल्यामुळे जुना कम्प्युटर सुधारणाऱ्यांना ते आकर्षक वाटलं. मात्र काही आठवड्यांतच परीक्षकांना दिसलं की रायझन ५ २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरसोबत काही गेममध्ये त्याची कामगिरी बरीच घसरते. या कार्डाचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त काम टाकत होता, आणि जुना प्रोसेसर तिथेच कमी पडत होता.

दुसरी अट रिसायझेबल बार या सोयीची. प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकाच वेळी वापरू देणारी ही सोय बंद असेल तर आर्क कार्डांचा वेग खूप कमी होतो. ती बायोसमध्ये सुरू करावी लागते आणि त्यासाठी सीएसएम बंद असावं लागतं. पण विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल तर सीएसएम बंद केल्यावर कम्प्युटर सुरूच होत नाही. म्हणून डिस्क जीपीटी आहे ना, हे डिस्क मॅनेजमेंटमध्ये आधी पाहावं आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवावी.

कार्ड ठेवायचं की परत करायचं?

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर त्याच गेममधल्या त्याच ठिकाणचा एफपीएस लिहून ठेवावा. सगळं एकदम बदललं तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

कार्डाचा वापर पूर्ण आहे, तापमान ठीक आहे, तरी त्याच कार्डाच्या प्रसिद्ध चाचण्यांपेक्षा एफपीएस खूपच कमी येतोय, तर कार्ड मित्राच्या कम्प्युटरमध्ये लावून पाहावं. तिथेही तेच झालं तर दोष कार्डाचा असण्याची शक्यता मोठी, आणि ते मुदतीत परत करावं. तिथे ते नीट चाललं तर कार्ड बदलून उपयोग नाही. दुसरं कार्ड आणलं तरी ते त्याच जुन्या प्रोसेसरपाशी अडेल. अशा वेळी पुढचा खर्च प्रोसेसर किंवा रॅमवर करणंच शहाणपणाचं.