गाडीच्या एसीचा क्लच

मोटारीच्या एसीमध्ये कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा आणि हवे तेव्हा सोडवणारा भाग म्हणजे चुंबकीय क्लच. इंजिन चालू असेपर्यंत बेल्टवरची पुली फिरतच असते. कॉम्प्रेसरचा दांडा मात्र क्लचने पकडले तरच फिरतो. एसीच्या पहिल्या गाड्यांत हा भाग नव्हताच.

पॅकार्ड या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर १९३९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात एसी बसवलेली गाडी मांडली. यंत्रणा क्लीव्हलंडच्या बिशप अँड बॅबकॉक कंपनीची होती. तिची किंमत २७४ डॉलर होती आणि कूलिंग कॉइल डिकीतली बरीचशी जागा खाई. कॉम्प्रेसर बेल्टला कायमचा जोडलेला असे. थंडावा नकोसा झाला तर पंखा बंद करता येई, पण कॉम्प्रेसर थांबवायचा तर गाडी उभी करून, इंजिन बंद करून, बॉनेट उघडून बेल्टच उतरवावा लागे. एवढा खर्च आणि वर ही उठाठेव गिऱ्हाइकांना मानवली नाही. १९४१ नंतर पॅकार्डने एसी देणे थांबवले. कॅडिलॅकने १९४१ मध्ये काही गाड्यांना एसी दिला, त्यातही क्लच नव्हता.

महायुद्धानंतर १९५३ मध्ये क्रायसलर आणि जनरल मोटर्स पुन्हा या धंद्यात उतरल्या. खरी कलाटणी पुढच्या वर्षी नॅशच्या गाडीने दिली. नॅश कंपनी १९३७ पासून केल्व्हिनेटर या फ्रिजवाल्या कंपनीशी एक झालेली होती, त्यामुळे शीतकरणाची विद्या घरचीच होती. १९५४ च्या अँबॅसडर मॉडेलमध्ये (हिंदुस्तान मोटर्सच्या अँबॅसडरशी तिचे नावापलीकडे नाते नाही) तिने संपूर्ण एसी गाडीच्या पुढच्या भागात मावेल असा केला, किंमत ३४५ डॉलरवर ठेवली आणि कॉम्प्रेसरला विजेवर चालणारा क्लच दिला. एसी नको असेल तेव्हा कॉम्प्रेसरचा भार इंजिनावर पडेनासा झाला.

सुरुवातीच्या अनेक क्लचमध्ये चुंबकाची कॉइल पुलीबरोबरच फिरे. फिरत्या कॉइलला वीज पोचवायला कार्बनचे ब्रश आणि धातूच्या कड्या लागत. ब्रश झिजत, कड्यांवर तेल आणि काजळी बसे, आणि वीज मध्येच तुटे. त्या काळातली क्लचची दुरुस्ती बरीचशी ब्रश बदलण्यात आणि कड्या घासण्यात जाई. पुढे कॉइल कॉम्प्रेसरच्या तोंडावर स्थिर बसवण्यात आली. पुली तिच्याभोवती बेअरिंगवर मोकळी फिरते, आणि चुंबकक्षेत्र पुलीच्या पोलादातून जाऊन समोरच्या चकतीला ओढून घेते. ही चकती दांड्यावर पक्की असते आणि पातळ स्प्रिंगपट्ट्या तिला एरवी पुलीपासून दूर ठेवतात. एसीचे बटण दाबल्यावर ऐकू येणारा ‘टक्’ आवाज याच चकतीचा. आजच्या क्लचची मांडणीही हीच आहे.

१९७० च्या दशकातल्या तेलटंचाईने क्लचचे काम वाढवले. तोवर मोठ्या अमेरिकी गाड्यांत एसी लावला की कॉम्प्रेसर अखंड चाले, आणि कूलिंग कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून एक झडप गॅसचा दाब सांभाळी. इंधन वाचवण्यासाठी जनरल मोटर्सने ती झडप काढून कॉम्प्रेसरच थांबवत-चालवत ठेवण्याची पद्धत आणली. एकदा लावला की तासभर तसाच राहणारा क्लच आता मिनिटामिनिटाला जोडू-सुटू लागला. यातून इंधन वाचले, पण झीज क्लचच्या वाट्याला आली. जुन्या गाड्यांत क्लच हमखास जाणारा भाग ठरला, त्याचे मूळ या बदलात आहे.

याच सुमारास जपानमध्ये छोटे कॉम्प्रेसर तयार होऊ लागले. गुन्मा प्रांतातल्या इसेसाकी इथल्या सांक्यो इलेक्ट्रिकने (आताची सँडन) १९७१ मध्ये अमेरिकेतल्या मिचेल कंपनीच्या परवान्यावर हे काम सुरू केले. तिचे पाच सिलिंडरचे कॉम्प्रेसर जगभर पोचले. भारतात १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली आणि १९८५ मध्ये सुझुकी व डेन्सो यांच्या सहकार्याने सुब्रोस ही गाड्यांचे एसी बनवणारी कंपनी उभी राहिली. ७९६ सीसीच्या इंजिनाला कॉम्प्रेसरचा भार लगेच जाणवे. भरल्या गाडीने खंडाळ्याचा घाट चढताना एसी बंद करणे ही त्या पिढीच्या चालकांची सवय होती, आणि ती क्लचमुळेच शक्य होती.

क्लचच्या दुरुस्तीचा वेगळा धंदा उभा राहिला, कारण हा भाग गॅसच्या बाहेर असतो. कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील आत आणि क्लच त्याच्या पुढे. मधला नट किंवा बोल्ट काढून चकती पुलरने ओढायची, सर्कलिप काढून पुली उतरवायची, मागची कॉइल सोडवायची. या सगळ्यात गॅसचा थेंबही जात नाही. व्हॅक्यूम पंप आणि गॅसचा सिलिंडर नसलेला कारागीरही हे काम करू शकतो. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजारात पुलीचे बेअरिंग आणि क्लच सुटे मिळत गेले, म्हणून अख्खा कॉम्प्रेसर बदलण्याची वेळ पुष्कळदा टळली.

बिघाड तीन जातींचे. बेअरिंग गेले तर एसी बंद असतानाही घरघर येते आणि एसी लावला की ती बदलू शकते. कॉइल जळली तर क्लच पकडतच नाही. बारा व्होल्टच्या चांगल्या कॉइलचा रोध साधारण तीन ते चार ओहम असतो. मीटरवर तो अनंत दिसला तर तार आत तुटलेली असते.

तिसरी जात फसवी. सकाळी एसी ठणठणीत चालतो आणि दुपारी ट्रॅफिकमध्ये तासाभराने गरम हवा येऊ लागते. वर्षानुवर्षांच्या घासणीने चकती आणि पुली झिजून त्यांच्यातली फट वाढलेली असते. सँडनसारख्या कॉम्प्रेसरमध्ये ती सुमारे ०.४ ते ०.८ मिलिमीटर असावी लागते. बॉनेटखाली कॉइल तापली की तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. तापमान ८० अंशांनी चढले तर प्रवाह चौथ्या हिश्शाने घटतो आणि चुंबकाची ओढ जवळपास ४० टक्के कमी होते. नवा क्लच एवढ्यावरही पकडतो, झिजलेला पकडत नाही. उपाय फिलर गेजने फट मोजून चकतीमागची एखादी शिम, म्हणजे धातूची पातळ कडी, काढण्याचा आहे. तो जवळजवळ फुकटात होतो, पण पुष्कळ जुन्या गाड्यांना त्याऐवजी नवा कॉम्प्रेसर बसवला गेला.

क्लचवर उगाच आळ येण्याचे प्रसंगही पुष्कळ. गॅस कमी झाला की प्रेशर स्विच क्लचची वीज तोडतो. रिलेचा संपर्क काजळला किंवा अर्थची तार गंजली की कॉइलला पुरते व्होल्टेज मिळत नाही. उलट कॉम्प्रेसर आतून जाम झाला असेल तर क्लच घसरून जळतो, आणि नवा टाकला तर तोही जळतो. म्हणून क्लच बदलण्याआधी चकती हाताने फिरवून पाहणे शहाणपणाचे. कोकणात पावसाळाभर एसी न लावलेल्या गाडीत चकतीवर गंज धरतो.

क्लच दुरुस्त होऊनही कित्येक जुन्या गाड्या थंड झाल्या नाहीत, त्याला कारण गॅस. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. त्यानंतर जुन्या एसीतला आर-१२ गॅस मागे पडून १९९० च्या दशकात आर-१३४ए आला. भारताने करारात १९९२ मध्ये प्रवेश केला. नव्या गॅसबरोबर आर-१२ चे खनिज तेल चालत नाही. तेल, सील आणि ड्रायर बदलावे लागतात. त्यातच नव्या गॅसचा दाब उन्हात जास्त चढतो आणि जुन्या क्लचवरचा ताण वाढतो.

पुढच्या पिढीच्या अनेक कॉम्प्रेसरमध्ये क्लच काढून टाकला गेला. त्यांची पुली दांड्याला कायम जोडलेली असते आणि विजेवर चालणारी झडप पिस्टनची धाव जवळजवळ शून्यावर आणून थंडावा थांबवते. आत काही जाम झाले तर पुलीतला ठरावीक जोड तुटतो आणि बेल्ट वाचतो. २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये कॉम्प्रेसरला स्वतःची मोटार मिळाली आणि तिथे बेल्टचीही गरज संपली. अशा कॉम्प्रेसरची झडप किंवा मोटार बिघडली, तर दुरुस्तीआधी गॅस काढून घ्यावाच लागतो.