स्लोवो पात्साना : मालिका आणि तिच्यावरील वाद

स्लोवो पात्साना : सोव्हिएत राजवटीच्या अखेरच्या वर्षांतील कझान शहर आणि तिथल्या शाळकरी पोरांच्या टोळ्या यांवरील आठ भागांची रशियन गुन्हेगारी मालिका. दिग्दर्शक झोरा क्रिझोव्निकोव. ‘विंक’ आणि ‘स्टार्ट’ या ओटीटी मंचांवर ती ९ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि २१ डिसेंबरला संपली. नावाचा अर्थ ‘पोराने दिलेला शब्द’. ‘डांबरावरचे रक्त’ हे तिचे उपशीर्षक. एरवी पात्सान म्हणजे नुसता पोरगा. टोळ्यांच्या बोलीत मात्र तो टोळीने आपला मानलेला आणि शब्दाला जागणारा पोरगा. टोळीबाहेरचा मुलगा ‘चुश्पान’. त्याला कोणीही अडवावे, त्याचे खिसे रिकामे करावेत. ‘डांबर’ म्हणजे टोळीचा इलाखा. मालिकेला आधार आहे तो रोबर्ट गारायेव यांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा. त्यासाठी त्यांनी अनेकांच्या मुलाखती घेतल्या. ते स्वतःही किशोरवयात कझानच्या एका टोळीत होते.

मालिका चालू असतानाच रशियात प्रेक्षकांचे दोन तट पडले. ही मालिका गुंडगिरीला मोहक रूप देते, असे एका बाजूचे म्हणणे. गुंडगिरी माणसाचे काय करते हे इतक्या उघडपणे क्वचितच दाखवले गेले, असे दुसऱ्या बाजूचे. कझान ज्याची राजधानी आहे त्या ततारस्तान प्रजासत्ताकाच्या बालहक्क आयुक्त इरिना वोलिनेत्स यांनी बंदीची मागणी केली. प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या रोसकोम्नादझोर या सरकारी संस्थेला मात्र बंदी घालण्याजोगे काही आढळले नाही. कथा कझानची असली तरी चित्रीकरण मुख्यतः यारोस्लाव्लमध्ये झाले, कारण ततारस्तानच्या प्रशासनाला हा विषय पुन्हा वर यायला नको होता. ततार भाषेतले ‘पियाला’ हे मालिकेतले गाणे सीमा ओलांडून युक्रेनमध्येही तरुणांच्या तोंडी गेले. आक्रमक देशाची मालिका आपली मुले आवडीने पाहतात, याचा तिथे तीव्र निषेध झाला.

या वादात दोन्ही बाजू खरे बोलत आहेत, आणि त्याचे कारण मालिकेच्या बांधणीत आहे. नायक आंद्रेय हा चौदा-पंधरा वर्षांचा, पियानो शिकणारा सरळमार्गी मुलगा. वाटेत अडवून लुटले जाणे त्याच्या अंगवळणी पडलेले. मरात या टोळीतल्या मुलाला इंग्रजी शिकवायचे काम शाळा त्याच्याकडे देते, आणि त्या ओळखीतून तो टोळीत शिरतो. एका दिवसात त्याची चाल बदलते. कालपर्यंत ज्यांना घाबरून तो रस्ता बदलत होता, ते आता हात मिळवतात. ही ऊब, ‘आपल्यामागे कोणी आहे’ ही भावना, दिग्दर्शकाने हातचे काही न राखता रंगवली आहे. आंद्रेयला पडलेली भुरळ प्रेक्षकालाही पडते, म्हणजे भुरळ घातल्याचा आरोप खोटा नाही. पण मोह न दाखवता केवळ परिणाम दाखवणारी कथा ही सूचनाफलक झाली असती. चांगल्या घरातला मुलगा तिकडे का वळतो, या मूळ प्रश्नालाच तिने बगल दिली असती.

पुढे मालिका या उबेची किंमत वसूल करते, आणि ती हळूहळू वसूल करते. आंद्रेयच्या आईची फरची टोपी चोरीला जाते. टंचाईच्या त्या काळात एकटीने घर चालवणाऱ्या बाईसाठी अशी टोपी म्हणजे साठवलेली पुंजी, थंडीतला आधार आणि चार लोकांतली पत. ती गेल्यावर बाई सावरत नाही. तिचे मन ढासळते आणि तिला मनोरुग्णालयात न्यावे लागते. जो उद्योग मुलगा टोळीत राहून इतरांच्या बाबतीत करतो, तोच इथे उलटून त्याच्या घरात येतो. मरातची मैत्रीण आयगुल हिचे प्रकरण याहून कठोर आहे. दुसऱ्या टोळीतला मुलगा तिच्यावर अत्याचार करतो, आणि तिची बाजू घ्यायची सोडून टोळी तिलाच ‘बाटलेली’ ठरवून दूर लोटते. ती खिडकीतून उडी घेते. ज्या ‘शब्दा’चे नाव मालिकेला आहे, तो शब्द मुलीच्या बाबतीत कोणालाच बांधत नाही. टोळीच्या नीतीवर याहून स्पष्ट निकाल कोणत्याही भाषणाने दिला नसता.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा : किशोरवयीन प्रेक्षक शेवटापर्यंत जातोच कुठे? तो फोनवर अर्ध्या मिनिटाचे तुकडे पाहतो, टोपी आणि चाल उचलतो, मारामारीची नक्कल करतो. ही चिंता रास्त आहे, आणि मालिकेवरची १८ वर्षांची वयोमर्यादा कागदावरच राहिली हेही खरे. पण तुकड्यांना शेवट नसतो, हा दोष तुकडे करण्याच्या रीतीचा आहे. त्यावरून संपूर्ण कथेची परीक्षा करता येत नाही. शिवाय टोळ्यांना मालिकेची गरज कधीच नव्हती. कझानमधील तेप्लोकोंत्रोल कारखान्याच्या परिसरात वाढलेल्या त्याप-ल्याप टोळीने १९७८ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या वस्तीत घुसून दिसेल त्या वाटसरूवर हल्ला केला, तेव्हा सोव्हिएत पडद्यावर अशा टोळ्यांचे नावही नव्हते. मौन पाळल्याने काय होते, हे त्या शहराने पाहिलेले आहे.

दुसरा आक्षेप ‘ब्रिगादा’कडे बोट दाखवतो. अलेक्सेय सिदोरोव दिग्दर्शित ही पंधरा भागांची मालिका २००२ मध्ये ‘रोसिया’ वाहिनीवर लागली आणि सेर्गेय बेझ्रुकोव यांनी रंगवलेला साशा बेली एका पिढीचा आदर्श बनला. पुढे तिच्यातलेच एक अभिनेते पावेल माइकोव यांनी जाहीरपणे तिला रशियाविरुद्धचा गुन्हा म्हटले. ही तुलना उपयोगी आहे, पण ती आक्षेपाच्या विरुद्ध जाते. साशाचे मित्र मरतात, तरी त्याला संपत्ती, सत्ता आणि सूड घेऊन निघून जाण्याचा मान मिळतो. ‘स्लोवो पात्साना’त कोणीही श्रीमंत होत नाही. अफगाणिस्तानातून परतलेला व्होवा, मरातचा थोरला भाऊ, पोलिसांच्या गोळीने मरतो. आंद्रेय अखेरीस बालगुन्हेगारांच्या वसाहतीत पियानोवर बसलेला दिसतो : तेच वाद्य, तीच बोटे, भोवती गणवेशातली मुले.

खरी उणीव वेगळी आहे आणि तिची चर्चा कमी झाली. कॅमेरा जवळजवळ सतत टोळीबरोबर चालतो. लुटला गेलेला अनोळखी मुलगा घरी जाऊन काय सांगतो, उद्या शाळेत कसा जातो, हे कॅमेऱ्याला ठाऊक नाही. आंद्रेय चुश्पान असतानाचा थोडा काळ सोडला, तर चुश्पानाला चेहरा मिळत नाही. त्या काळात मार खाल्लेल्या कझानकरांची नाराजी याच जागी सर्वाधिक खरी आहे, आणि बंदीच्या मागणीपेक्षा या नाराजीला उत्तर देणे मालिकेला अवघड जाते.