मूल्यवर्धक टप्पे (कार्यप्रक्रिया-आलेखनातील)

एखाद्या कचेरीतील वा कारखान्यातील कामाचा ओघ आरंभापासून अखेरपर्यंत आलेखरूपाने कागदावर उतरविला असता, त्यातील ज्या टप्प्यांनी ग्राहकास हवी असलेली वस्तू किंवा सेवा प्रत्यक्ष आकारास येते, ते मूल्यवर्धक टप्पे होत. कामाचे असे आलेख फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ साली अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले. पुढे जपानात टोयोटा कारखान्याचे ताइइची ओनो यांनी अतिउत्पादन, प्रतीक्षा, वाहतूक, साठा इत्यादी सात प्रकारचे अपव्यय वेगळे काढून त्या आलेखांकडे पाहण्याची दृष्टीच पालटली.

टप्प्याची पारख करताना त्याने वस्तूत वा माहितीत काही बदल घडतो काय, तो बदल ग्राहकास मोल देण्याजोगा वाटतो काय आणि काम पहिल्याच खेपेस बिनचूक होते काय, असे तिहेरी प्रश्न विचारतात. या कसोटीवर तपासणी, फेरतपासणी, कागदाची ने-आण आणि सहीसाठी खोळंबणे ही सारी गळतात. कारण तपासणीने चूक सापडते, वस्तू घडत नाही. मात्र आलेख खुर्चीत बसून आठवणीने काढू नये. कागदाच्या पाठोपाठ मेजामेजावरून हिंडून, हात लागल्याचा वेळ आणि पडून राहिल्याचा वेळ निरनिराळा टिपला, तरच तो विश्वसनीय ठरतो.

खरी अडचण ‘ग्राहक कोण’ हे ठरविण्यात आहे, आणि महाराष्ट्रातील जमिनीच्या फेरफार नोंदीत ती ठळकपणे दिसते. खरेदीखत नोंदविल्यावर तलाठी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घेतो, तिची प्रत चावडीवर लावतो, हितसंबंधितांस नोटिसा धाडतो, आणि हरकतीची पंधरा दिवसांची मुदत सरल्यावर मंडल अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. तेव्हा कुठे सातबारावर जुन्या खातेदाराच्या नावास कंस होऊन नवे नाव चढते. खरेदीदाराच्या लेखी एवढा शेवटचा टप्पाच मोलाचा, आणि ते पंधरा दिवस निव्वळ विलंबाचे. परंतु परगावी नांदणारी, वडिलार्जित जमिनीत जिचा हिस्सा आहे अशी बहीण विचारात घेतली, की तीच मुदत तिच्या हक्काचे महत्त्वाचे दार ठरते. अशा टप्प्यांस ‘मूल्य न वाढविणारे, तथापि आवश्यक’ असा स्वतंत्र वर्ग देतात. या वर्गाचा आधार घेऊन कित्येक निरुपयोगी शेरे व सह्या वर्षानुवर्षे तगून राहतात, म्हणून त्यात टप्पा घालणाऱ्याने तो कोणाच्या रक्षणासाठी आहे हे लिहून ठेवलेच पाहिजे. नोंदणी कार्यालयातील दस्ताची माहिती तलाठ्याकडे परस्पर संगणकाद्वारे जाऊ लागल्याने खरेदीदाराचा हेलपाटा वाचला. नोटिशीची मुदत मात्र कायम ठेवली गेली, आणि ते योग्यच झाले. त्या मुदतीत हरकत आली, तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते, आणि तिचा निकाल लागेपर्यंत फेरफार प्रमाणित होत नाही.